पन्नास टक्क्यांचे माप

वैद्यकीय शिक्षणाच्या प्रवेशद्वारावर आज देशभर एकच परीक्षा आहे. बाहेर पडण्याच्या दारावरही एकच असावी, अशी तरतूद राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात आहे. २०२३ मध्ये तिची नियमावली निघाली आणि पाठोपाठ परीक्षा लांबणीवर पडली. मधल्या दालनात मात्र प्रत्येक विद्यापीठाचे माप निराळे. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र या विषयांत उत्तीर्ण होण्यास पन्नास टक्के गुण लागतात. नाशिकच्या विद्यापीठाचे पन्नास आणि बंगळूरच्या विद्यापीठाचे पन्नास सारखेच आहेत काय, हे तपासण्याचे साधन कोणापाशीच नाही. २०२३ साली आयोगाने काही विषयांसाठी ही मर्यादा चाळीसवर आणली व थोड्याच अवधीत तो निर्णय मागे घेतला. त्यावर पुष्कळ गदारोळ झाला. पण मापच निश्चित नसेल, तर चाळीस की पन्नास हा वाद मला गौण वाटतो.

अमेरिकेत १९१५ साली स्थापन झालेले नॅशनल बोर्ड ऑफ मेडिकल एक्झामिनर्स महाविद्यालयांना विषयवार तयार परीक्षा पुरवते. ती घेणे न घेणे महाविद्यालयाच्या मर्जीवर असते. प्रत्येक प्रश्न आधी पारखलेला असतो: तो किती अवघड आहे, जाणकार आणि अजाण विद्यार्थी यांत तो भेद करतो की नाही, हे पाहिले जाते. निरनिराळ्या प्रश्नपत्रिकांचे गुण एका पातळीवर आणले जातात. त्यामुळे आपला वर्ग मूत्रपिंडाच्या कार्यात बरा असून चेतासंस्थेत कच्चा आहे, हे विभागप्रमुखाला कळू शकते.

तिथलीच दुसरी परीक्षा मात्र सावध करणारी आहे. १९९२ पासून सुरू झालेल्या परवाना परीक्षेचा पहिला टप्पा मूलभूत विज्ञानांचा. परवान्यासाठी घेतलेल्या या परीक्षेचे तीन अंकी गुण रुग्णालये पुढील प्रशिक्षणासाठी उमेदवार चाळण्यास वापरू लागली. विद्यार्थी वर्ग सोडून प्रश्नसंचांच्या मागे लागले. अखेर जानेवारी २०२२ पासून निकाल केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण एवढाच दिला जाऊ लागला. तेव्हा सारा भार दुसऱ्या टप्प्याच्या गुणांवर सरकला. चार्ल्स गुडहार्ट या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली चलनविषयक धोरणाबाबत जे म्हटले होते, ते इथे तंतोतंत लागू पडते: मापावर नियंत्रणाचा भार टाकला की ते माप विश्वासार्ह राहत नाही.

वाचकांपैकी अनेकांची मुले परप्रांतांत शिकत असतील. अखिल भारतीय कोट्यातील १५ टक्के जागांमुळे तर राज्याराज्यांतले विद्यार्थी एका वर्गात बसतात. त्यांच्यासाठी आणखी एक क्रमवारी नको. वर्षअखेर तिन्ही विषयांची एक सामायिक चाचणी व्हावी, तिचे गुण विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर येऊ नयेत आणि घटकवार अहवाल फक्त महाविद्यालयास व विद्यापीठास मिळावा. गुणांना बाजारभाव नसला की प्रश्नपत्रिका फोडण्यात कोणास रस उरणार नाही, आणि शिकवणीवर्गांनाही शवविच्छेदनगृह ओस पाडण्याचे कारण मिळणार नाही. अशी चाचणी सारे काही मोजील असे मुळीच नाही. हाताने शिकावयाचे हातानेच तपासावे लागेल. असो.

खर्चाची अडचण पुढे केली जाईल, परंतु ती खरी अडचण नव्हे. विरोध होईल तो तपासणीच्या दिवसांपुरते अध्यापक गोळा करणाऱ्या महाविद्यालयांकडून; कारण अहवालातली रिकामी जागा उसन्या माणसांनी भरता येत नाही.