उरलेल्यांचा संघ

आमचा भाचा अमेरिकेत राहून बेसबॉलचा भक्त झाला आहे. मात्र सामना कोणी जिंकला यापेक्षा संघ कोणी कसा जमवला, याचीच त्याला चौकशी फार. यंदा सुट्टीत आला तो जुन्या नामावळ्या घेऊनच. म्हणाला, "मामा, हे वाचा. कादंबरीचा मसाला आहे!"

संघ सेंट लुई ब्राउन्स, साल १९४४. चाळीस वर्षे लीगमध्ये काढून विजेतेपद एकही नाही. गल्ला इतका रोडावलेला, की मालक लॉस एंजेलिसला बिऱ्हाड हलवणार होते. त्यासाठी ८ डिसेंबर १९४१ला बैठक ठरली. आदल्याच दिवशी पर्ल हार्बरवर बाँब पडले आणि बिऱ्हाड जागच्या जागी राहिले!

मग बॉब फेलर, टेड विल्यम्स यांच्यासारखे एकेक मोहरे गणवेश चढवून गेले. लोकांना करमणूक हवी, खेळ चालू ठेवा, असे खुद्द अध्यक्ष रूझवेल्ट यांनी कळवले. ठीक, पण खेळायचे कोणी?

ब्राउन्सनी लष्कराच्या वैद्यकीय तपासणीत नापास झालेले गडी जमवले. डेनी गेलहाउस आठवडाभर अॅक्रनच्या कारखान्यात राबे, शनिवारी आगगाडीत बसे आणि रविवारी चेंडू टाकायला हजर! चेट लाब्सही असाच कारखान्यातून सुटून येई. हंगामाच्या शेवटच्या दिवशी त्यानेच यांकीजविरुद्ध दोन होमरन मारले आणि अमेरिकन लीगचे विजेतेपद ब्राउन्सना मिळाले. पहिले, आणि त्या नावाने शेवटचेही.

अंतिम मालिकेत गाठ पडली ती गावातल्याच कार्डिनल्सशी. दोघांचे मैदान एकच. इतकेच काय, दोन्ही संघांचे व्यवस्थापक एकाच फ्लॅटमध्ये राहत, कारण एक गावी असला की दुसरा दौऱ्यावर. आता दोघे एकदम घरी! एकाला दुसरी जागा शोधावी लागली. हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींना बेसबॉलमध्ये प्रथमच रस वाटला. मालिका मात्र कार्डिनल्सनी जिंकली.

"खरे खेळाडू युद्धावर असताना मिळालेले यश ते कसले रे?" मी विचारले.

"हेच रिकीलाही वाटले असेल," भाचा म्हणाला. ब्रुकलिनचा ब्रँच रिकी मोठा धोरणी. इतर संघ नवी पोरे शोधायला कचरत होते, कारण ती लवकरच सैन्यात जायची. रिकीने तेव्हाच हॉजेस, स्नायडर असे कोवळे गडी करारबद्ध केले. युद्ध संपताच, १९४५ साली, जॅकी रॉबिन्सनलाही घेतले. १९५५ साली याच तिघांच्या ब्रुकलिनने जागतिक मालिका जिंकली.

पेरावे तर रिकीने, हे मलाही पटते. पण माझी नजर अडकली ती ब्राउन्सच्या १९४५च्या यादीतील पीट ग्रेच्या नावावर. लहानपणीच उजवा हात गमावलेला हा गडी. डाव्या हाताने चेंडू झेलायचा, हातमोजा खांद्याच्या थोटकात धरून हात सोडवायचा आणि त्याच हाताने फेकायचा! ७७ सामने खेळला. १९४६ साली सैनिक परतले आणि ग्रे खालच्या लीगमध्ये गेला.

भाचा परवा परत गेला. तो कागद मी ठेवून घेतला आहे.