माहेरी राहिलेलं नाव

कल्याणला ३१ मार्च १८६५ रोजी गणपतराव जोशींच्या घरी मुलगी झाली, तिचं नाव यमुना ठेवलं. तिच्या तीन वर्षं आधी, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी कुर्लेकरांकडे जन्मलेली लेकही यमुनाच. महाराष्ट्र यातल्या पहिलीला डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून ओळखतो आणि दुसरीला रमाबाई रानडे म्हणून.

दोघींची नावं लग्नात बदलली. पहिली तेव्हा नऊ वर्षांची होती, दुसरी अकरा. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यावर नवं नाव लिहायचं आणि त्या क्षणापासून मुलीने वेगळ्याच हाकेला ओ द्यायची. टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरच्या तापी. महर्षी कर्व्यांशी १८९३ साली पुनर्विवाह करणाऱ्या आनंदीबाई माहेरच्या गोदू. नद्यांची किती नावं अशी उंबऱ्याबाहेर राहिली! घरोघरच्या वंशावळींत सुनांच्या रकान्यात सासरचंच नाव असतं. तिथे माहेरचंही नाव लिहायला हवं, आणि ते सांगू शकणारी आत्या-मावशी आहे तोवर विचारून घ्यायला हवं.

यमुनेच्या बाबतीत हे अधिकच लागतं, कारण हे नावच मुळी बहिणीचं आहे. 'यम' म्हणजे जुळं. ऋग्वेदात यम आणि यमी ही जुळी भावंडं बोलताना भेटतात. पुराणांत तीच यमी सूर्य आणि संज्ञा यांची मुलगी यमुना होते. कार्तिक शुद्ध द्वितीयेला यम तिच्या घरी जेवायला गेला, म्हणून त्या दिवसाला यमद्वितीया म्हणतात. आपली भाऊबीज तीच. मृत्यूच्या देवालाही जिच्या दारी पाहुणा म्हणून यावंसं वाटलं, तिचं नाव लेकीला देण्यात केवढी माया होती! कलिंद पर्वतातून निघते म्हणून तीच कालिंदी. मूर्तिकारांनी तिला कासवावर उभं केलं, गंगेला मगरीवर. वेरुळच्या कैलास लेण्याच्या आवारात गंगा, यमुना आणि सरस्वती या तिघींसाठी स्वतंत्र दालन कोरलेलं आहे.

गंमत अशी की, लग्नासाठी नक्षत्र, झाड किंवा नदीचं नाव असलेली मुलगी निवडू नये, असं मनुस्मृतीचा तिसरा अध्याय सांगतो. मराठी घरांनी ते मुळीच मनावर घेतलं नाही. गंगू, गोदू, यमू, कृष्णा, भागीरथी, नर्मदा अशा नावांनी वाडे भरलेले असत.

हे नाव इतकं घरचं होतं, म्हणूनच बाबा पदमनजींनी १८५७ साली आपल्या कादंबरीची नायिका यमुना ठेवली असावी. 'यमुनापर्यटन' ही मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. विधवाविवाहाचा कायदा १८५६चा. त्याच्या पुढच्याच वर्षी ही यमुना पतीबरोबर प्रवासाला निघते, गावोगावच्या विधवांचे हाल पाहते आणि पुढे स्वतःच विधवा होते. पदमनजी ख्रिस्ती झालेले, त्यामुळे शेवट धर्मांतराकडे आणि पुनर्विवाहाकडे वळतो. कथेपेक्षा उपदेश जास्त आहे, हे खरं. तरीही मराठी कादंबरीच्या पहिल्याच पानांत एका बाईचा प्रवास आणि तिचं नाव आहे, ही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे.

डॉ. आनंदीबाईंनी १८८६ साली फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवी घेतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ला त्या पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पॉकिप्सीला आहेत. तिथल्या दगडावर आनंदीबाई जोशी हेच नाव आहे.

लावणीगायिका यमुनाबाई वाईकर मात्र यमुनाबाई म्हणूनच जगल्या. त्यांचा जन्म १९१५चा, समाज कोल्हाटी. बैठकीच्या लावणीतली त्यांची अदा जाणकार आजही आठवतात. आडनावात वाई आली, पण नाव तेच राहिलं. २०१२ साली पद्मश्री मिळाली तीही याच नावाने. १५ मे २०१८ रोजी, शंभरी ओलांडून, त्या गेल्या.