रेगेक्सला शिवथरघळीचं वावडं का?

शनिवार आहे, चहा झालाय, तर जरा भांडू या. विषय: यूआरएलचे तुकडे करणारी आपली लाडकी रेगेक्स. कुणी लिहिली माहीत नाही, पण कॉपी-पेस्ट होत होत प्रत्येक प्रोजेक्टमध्ये पोचलेली. हिच्या पोटात हमखास 'ए ते झेड, शून्य ते नऊ, डॅश, टिंब' असा कंस असतो. म्हणजे इंग्रजी सोडून दुसरं अक्षर आलं की पत्ताच चुकीचा!

मंडळी, .भारत हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतंय. मराठी विकिपीडियावर लेखांचे पत्ते मराठीतच असतात. महाड तालुक्यातल्या शिवथरघळीच्या पानाची लिंक कुणी फॉर्ममध्ये टाकली, तर तिला 'इनव्हॅलिड' म्हणणारे आपण कोण?

काही हुशार लोक म्हणतात, युनिकोडची 'अक्षर' कॅटेगरी लावली की झालं. नाही झालं! युनिकोडच्या लेखी 'श' हे अक्षर, पण त्याची वेलांटी अक्षर नाही, 'मार्क' आहे. पायथनची बॅकस्लॅश-डब्ल्यूसुद्धा तिथेच अडखळते: 'शिवथर' दिलंत तर 'श' आणि 'वथर' असे दोन तुकडे हातात.

'ब्राउझर एन्कोड करून देतोच की', हा दुसरा बचाव. देतो ना. 'शिवथरघळ' म्हणजे ७ कोडपॉइंट, यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट, आणि टक्क्याच्या चिन्हांसकट ६३ कॅरेक्टर. तुमचा कॉलम पन्नासाचा असेल तर घळ अर्ध्यातच बुजली.

मुळात चूक अक्षरं मोजण्यात आहे. जानेवारी २००५ च्या आरएफसी ३९८६ मध्ये परिशिष्टात ही रेगेक्स दिलीय:

^(([^:/?#]+):)?(//([^/?#]*))?([^?#]*)(\?([^#]*))?(#(.*))?

नीट बघा, यात ए ते झेड कुठेच नाही. फक्त चार चिन्हं: कोलन, स्लॅश, प्रश्नचिन्ह, हॅश. त्यांच्यावर तोडा, पाच भाग मिळतात: स्कीम, ऑथॉरिटी, पाथ, क्वेरी, फ्रॅगमेंट. मधे कुठली लिपी आहे याच्याशी हिला देणंघेणं नाही. पोस्टमनसुद्धा कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर यांत फरक करतो, पण गाव मराठीत लिहिलं म्हणून पत्र परत पाठवत नाही.

अर्थात, ही रेगेक्स फक्त तोडते, तपासत नाही. काहीही दिलं तरी जुळते. मग परवानगीची यादी स्कीमला लावा: एचटीटीपी, एचटीटीपीएस, बाकी सगळं बाहेर. होस्टचं पनीकोड वगैरे जावास्क्रिप्टच्या यूआरएल क्लासवर सोडा, त्याला ते येतं.

पण अक्षरांना पासपोर्ट मागणं आता बंद करा. सोमवारी ऑफिसात गेलात की कोडमध्ये तो कंस शोधा... आणि उडवा.