आहेराच्या साडीचा हिशेब

मराठी लग्नात जी देण्याघेण्याची साडी फिरते, ती कुणी नेसत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर न येता ती या कपाटातून त्या कपाटात जाते आणि पुढच्या कार्यात तिसरीच्याच ओटीत पडते. ही साडी बहुतेकदा आमच्या सुरतेची असते. खनिज तेलापासून काढलेला पॉलिएस्टरचा धागा इथे विणायचा, कापड छापायचं, रिंगरोडच्या मार्केटातून गठ्ठ्यांनी देशभर पाठवायचं. कुणालाच नको असलेल्या कापडासाठी अख्खं शहर राबतंय आणि त्याला विकास म्हणतात. मला हे मान्य नाही.

उधना, पांडेसरा, लिंबायतकडच्या एखाद्या लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, जरा वेळ उभं राहून बघा. शेजारच्याशी बोलायला कानाशी तोंड न्यावं लागतं. एकेक कारागीर कितीतरी माग सांभाळतो; इथला तुटलेला धागा जोडेपर्यंत तिकडचा माग थांबलेला असतो. मजुरी मीटरवर, पाळी बारा तासांची. ओडिशातल्या गंजामहून आलेले एकटेच, मेसच्या खोलीत राहतात. दिवसपाळीचा उठला, की त्याच अंथरुणावर रातपाळीचा आडवा होतो. आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्यांची बायकापोरं तरी इथे आहेत, पण बापाला पोर जागं सापडत नाही. २०११च्या जनगणनेत या शहरात हजार पुरुषांमागे साडेसातशेच्या आसपास स्त्रिया होत्या. इतकी घरं मोडून ठेवणाऱ्या शहराला समृद्ध म्हणवत नाही. आणि गुजरात सरकारने काय केलं? जुलै २०२५मध्ये अध्यादेश काढून कारखान्यांत बारा तासांचा दिवस कायदेशीर करण्याची वाट मोकळी केली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे म्हणे. कागदावर.

हिऱ्यांचं तेच. १७ डिसेंबर २०२३ रोजी खजोदला डायमंड बोर्सचं उद्घाटन झालं: ६७ लाख चौरस फूट, साडेचार हजारांवर कार्यालयं, अमेरिकेच्या पेंटॅगॉनहून मोठी इमारत. पुढे महिनोन्महिने त्यातल्या बहुतेक दारांना कुलूप होतं. काम आटलं आणि २०२४मध्ये रत्नकलाकारांच्या, म्हणजे हिरे घासणाऱ्या कारागिरांच्या, संघटनेला आत्महत्या रोखण्यासाठी हेल्पलाइन सुरू करावी लागली. प्रयोगशाळेतले हिरे रात्रंदिवस वीज जाळून इतके पिकवले, की त्यांचे भावच कोसळले.

वाढ आवरती घ्या, असं युरोपातले डीग्रोथवाले आज सांगतात; गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेचा विचार १९४५मध्येच ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’मधून मांडला होता. पण लिंबायतच्या खोलीतल्या माणसाला ‘वापर कमी कर’ म्हणणं हा निव्वळ निर्लज्जपणा आहे. त्याच्याकडे कमी करण्याजोगं आहेच काय? कमी करायचे ते मीटर, पाळीचे तास आणि इमारतींचा माज.

मीटर कमी करून शहर चालणार नाही, हे मला सांगू नका. १९९४च्या प्लेगनंतर सुरत सावरली ती मीटर वाढवून नव्हे. १९९५मध्ये आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवलं, कचरा उचलला, गटारं साफ केली. २०१४पासून बमरोलीत दिवसाला चार कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना दिलं जातं. तेवढं ताजं पाणी वाचतं. हेच शहर हे करू शकतं. आणि याच शहराच्या हद्दीवर, सचिनच्या औद्योगिक वसाहतीत, जानेवारी २०२२मध्ये टँकरमधून चोरून ओतलेल्या रसायनाच्या वायूने सहा कामगार मेले.

साड्या कमी झाल्या तर कामगाराचं पोट कसं भरणार, हा प्रश्न लगेच फेकला जातो. तेवढ्याच रोजच्या कमाईवर आठ तासांची पाळी करा. साडी महाग होईल. होऊ दे. मीटर कमी निघतील, कारागीर तेवढेच लागतील आणि संध्याकाळी घरी असतील. पालिकेने उड्डाणपुलांऐवजी खात्यांजवळ भाड्याच्या खोल्या बांधाव्यात, दर पाच मिनिटांनी बस सोडावी, खाड्या स्वच्छ ठेवाव्यात. दर पावसाळ्यात त्या लिंबायतच्या घरांत शिरतात.

तुमच्या घरी यंदा लग्न असेल, तर देण्याघेण्याच्या साड्यांची यादी फाडून टाका. आणि सुरतेतल्या माझ्या माणसांनो, मत मागायला जो दारात येईल, त्याला आधी पाळीच्या तासांबद्दल विचारा. उत्तर नसेल, तर मत देऊ नका.