नंदीबैल, होयबा आणि सल्लागार : अमेरिकी मंत्रिमंडळाची कहाणी

१/ जगातील सर्वांत बलाढ्य समजल्या जाणाऱ्या मंत्रिमंडळाचा अमेरिकेच्या राज्यघटनेत नावानिशी उल्लेख नाही. १७८७ च्या मूळ मजकुरात नाही आणि नंतरच्या २७ दुरुस्त्यांतही नाही. मग हे मंत्रिमंडळ आले कोठून, ते करते काय, आणि राष्ट्राध्यक्षाला 'नाही' म्हणण्याचे बळ त्याच्या अंगी आहे का? #थ्रेड #इतिहास

२/ घटनेत आहे ते एक छोटे कलम. राष्ट्राध्यक्ष प्रत्येक खात्याच्या प्रमुखाकडून त्याच्या कामासंबंधी लेखी मत मागवू शकतो. मागवलेच पाहिजे असे बंधन नाही. एकत्र बैठक, मतदान, बहुमत यांचा मागमूस नाही. मात्र 'लेखी' हा शब्द ध्यानात ठेवावा. या कहाणीत तो पुन्हा येणार आहे.

३/ ही उणीव अनवधानाने राहिली नव्हती. फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसन यांनी सहा जणांचे सल्लागार मंडळ सुचवले होते: पूर्व, मध्य आणि दक्षिण भागांतील राज्यांतून प्रत्येकी दोन. सूचना फेटाळली गेली. असे मंडळ नसेल तर राष्ट्राध्यक्ष मर्जीतल्या माणसांच्या तंत्राने चालेल, किंवा खातेप्रमुखांचेच एक मंडळ आपोआप उभे राहील, असा इशारा मेसन यांनी दिला. आपल्या अनेक आक्षेपांसह ते सही न करताच परतले.

४/ दुसरी बाजूही बिनबुडाची नव्हती. अलेक्झांडर हॅमिल्टन यांचे म्हणणे असे की, सल्लागार मंडळ हा चुका लपवण्याचा आडोसा ठरतो. दोष कोणाचा हे जनतेला कळेनासे होते. म्हणून सत्ता एकाच्या हाती आणि जबाबदारीही त्याच्याच माथी असावी. पुढच्या सव्वादोनशे वर्षांत हे दोघेही आलटून पालटून खरे ठरत आले आहेत.

५/ जॉर्ज वॉशिंग्टन यांना प्रथम सिनेटच आपले सल्लागार मंडळ होईल असे वाटले. २२ ऑगस्ट १७८९ रोजी ते दक्षिणेकडील मूलनिवासी जमातींशी करावयाच्या तहांबाबत सल्ला घेण्यासाठी स्वतः सिनेटमध्ये गेले. सिनेटरांनी विषय समितीकडे सोपवण्याची भाषा सुरू केली. वॉशिंग्टन संतापले. दोन दिवसांनी ते काम उरकण्यापुरते परत आले. त्यानंतर अशा सल्ल्यासाठी त्यांनी सिनेटची पायरी चढली नाही.

६/ राहिले चार जण: परराष्ट्र खात्याचे थॉमस जेफरसन, अर्थखात्याचे हॅमिल्टन, युद्धखात्याचे हेन्री नॉक्स आणि ॲटर्नी जनरल एडमंड रँडॉल्फ. १७९१ च्या आरंभी राष्ट्रीय बँकेच्या विधेयकावर वॉशिंग्टन यांनी मते मागवली, तीही लेखी. जेफरसन व रँडॉल्फ विरोधात, हॅमिल्टन बाजूने. सारे वाचून त्यांनी २५ फेब्रुवारीला सही केली.

७/ मंत्र्यांची पहिली एकत्रित बैठक भरली २६ नोव्हेंबर १७९१ रोजी, म्हणजे कारकीर्द सुरू होऊन अडीच वर्षे उलटल्यावर. १७९३ मध्ये ब्रिटन-फ्रान्स युद्धात तटस्थ कसे राहावे या पेचाने बैठकांचे सत्रच लागले. आपण आणि हॅमिल्टन तिथे झुंजीच्या कोंबड्यांसारखे समोरासमोर उभे ठाकत असू, अशी आठवण जेफरसन यांनी पुढे नोंदवली आहे. त्या वर्षाअखेरीस ते बाहेर पडले.

८/ या कोंबडझुंजीतच त्या मंत्रिमंडळाचे मोल होते. वॉशिंग्टन यांनी परस्परविरोधी विचारांची दोन तल्लख माणसे जाणूनबुजून जवळ ठेवली आणि निर्णयाचा भार स्वतः उचलला. मेसन यांची भीती आणि हॅमिल्टन यांची अट, दोन्हींना त्यात उत्तर मिळाले. अडचण एवढीच की, ही व्यवस्था कायद्यात नव्हती, एका माणसाच्या स्वभावात होती.

९/ अमेरिकेत मंत्र्याला 'सेक्रेटरी' म्हणतात. आपल्याकडचा जुना शब्द चिटणीस. नाव सार्थ आहे. ब्रिटिश मंत्री संसदेत बसतो. अमेरिकी मंत्र्याला काँग्रेसचे सदस्यत्व घटनेनेच वर्ज्य आहे. नेमणुकीला सिनेटची संमती लागते, बडतर्फीला मात्र राष्ट्राध्यक्षाचा एक शब्द पुरतो.

१०/ तो शब्द अँड्र्यू जॅक्सन यांनी उच्चारला. १८३३ मध्ये सरकारी ठेवी राष्ट्रीय बँकेतून काढून घेण्यास अर्थमंत्री विल्यम ड्वेन यांनी नकार दिला. जॅक्सन यांनी त्यांना काढले आणि रॉजर टॉनी यांना बसवले, काम झाले. पुढच्या वर्षी सिनेटने टॉनी यांची नेमणूक नाकारली, पण तोवर वेळ निघून गेली होती. अनौपचारिक सल्लागारांच्या कोंडाळ्यासाठी आपणही वापरतो तो 'किचन कॅबिनेट' हा शब्द याच जॅक्सन यांच्या काळातला.

११/ अब्राहम लिंकन यांच्याविषयी एक कथा फिरते: मतदानात सारे मंत्री विरोधात, लिंकन एकटे बाजूने, आणि ठराव मंजूर! पुराव्याच्या कसोटीवर ती टिकत नाही. खरी हकीकत अधिक बोधक आहे. २२ जुलै १८६२ रोजी लिंकन यांनी गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्र्यांपुढे वाचला. निर्णय झाला आहे, सूचना असल्यास द्याव्यात, अशी त्यांची भूमिका होती.

१२/ परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड, जे उमेदवारीच्या शर्यतीत त्यांचे प्रतिस्पर्धी होते, म्हणाले की रणांगणावर पीछेहाट चालू असताना हे जाहीर केले तर तो बुडत्याचा आक्रोश वाटेल. विजयाची वाट पाहावी. लिंकन यांनी कागद बाजूला ठेवला. १७ सप्टेंबरला अँटिएटमची लढाई झाली आणि २२ सप्टेंबरला प्राथमिक जाहीरनामा निघाला. निर्णय राष्ट्राध्यक्षाचा, पण त्याची वेळ ठरवली मंत्र्याच्या स्पष्टवक्तेपणाने.

१३/ मंत्र्यांना कायद्याने अभय देण्याचा प्रयोगही झाला. १८६७ च्या कायद्याने सिनेटच्या संमतीविना त्यांच्या बडतर्फीला मनाई केली. अँड्र्यू जॉन्सन यांनी तरीही युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना काढले. स्टँटन कचेरीतच ठाण मांडून बसले. महाभियोग चालला; ३५ विरुद्ध १९, दोषी ठरवण्यास एक मत कमी पडले. १८८७ मध्ये तो कायदाही रद्द झाला. अविश्वासू धन्याच्या घरी चाकर टिकवण्याचा हा खटाटोप फसणारच होता.

१४/ विसाव्या शतकात खाती वाढत गेली. आज ती १५ आहेत. पण खोली भरली तशी तिच्यातली चर्चा आटली. १९३९ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे स्वतंत्र कार्यकारी कार्यालय आले, १९४७ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषद. व्हाइट हाऊसच्या चीफ ऑफ स्टाफच्या नेमणुकीला सिनेटची संमती लागत नाही, तरी त्याचे वजन अनेक मंत्र्यांहून भारी असते. मेसन यांचे 'मर्जीतले' ते हेच.

१५/ तरीही एक अस्त्र मंत्र्यांच्या हाती आहे. १९६७ च्या २५ व्या दुरुस्तीनुसार उपराष्ट्राध्यक्ष आणि बहुसंख्य खातेप्रमुख मिळून राष्ट्राध्यक्ष कामकाजास असमर्थ असल्याचे लेखी कळवू शकतात. पुन्हा तोच शब्द: लेखी. हे अस्त्र आजवर म्यानातच आहे.

१६/ १२ जून २०१७ च्या बैठकीत मंत्री एकामागून एक कॅमेऱ्यांसमोर डोनाल्ड ट्रम्प यांचे आभार मानताना जगाने पाहिले. गुबूगुबू वाजले की मान हलवणारा नंदीबैल आठवावा असे ते दृश्य. ६ जानेवारी २०२१ रोजी संसदभवनावर हल्ला झाला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी इलेन चाओ आणि बेट्सी डेव्हॉस या दोन मंत्र्यांनी राजीनामे जाहीर केले. मन मोकळे झाले असेल. पण २५ व्या दुरुस्तीने दिलेले मतही त्यांनी त्याबरोबर टाकून दिले.

१७/ भारताशी या कहाणीचा धागा जुळतो तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकी पद्धतीशी तुलना केली. तेथील राष्ट्राध्यक्षावर मंत्र्यांचा सल्ला बंधनकारक नाही. तो कोणालाही केव्हाही काढू शकतो. त्या पद्धतीत स्थैर्य अधिक, उत्तरदायित्व कमी. भारताने उत्तरदायित्वाला झुकते माप दिले.

१८/ पण पद्धत निवडल्याने प्रश्न सुटत नाही. १९५१ मध्ये राजीनाम्याच्या निवेदनात खुद्द बाबासाहेबांनीच तक्रार केली की मंत्रिमंडळ हे समित्यांनी आधीच घेतलेल्या निर्णयांची नोंद करणारे कार्यालय बनले आहे. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीवर सही झाली आणि मंत्रिमंडळाची संमती दुसऱ्या दिवशी सकाळी घेण्यात आली. बहुमताने चालणारे मंत्रिमंडळही मान डोलवू शकते.

१९/ त्यावरचा उतारा १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने शोधला: मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी मिळाल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी पुकारता येणार नाही. 'कॅबिनेट' हा शब्द भारताच्या घटनेत आला तोही या दुरुस्तीने. फिलाडेल्फियात जे सुचले तेच दिल्लीला ठेच लागल्यावर उमगले. तोंडी होकार हवेत विरतो. कागदावर सही करताना हात थबकतो.

२०/ कागदाइतकाच उपयोगी पडतो आधी दिलेला शब्द. २० ऑक्टोबर १९७३ रोजी निक्सन यांनी वॉटरगेटचे विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढण्याचा हुकूम दिला. ॲटर्नी जनरल इलियट रिचर्डसन यांनी नकार देऊन पद सोडले. त्यांचे उपप्रमुख विल्यम रकल्सहाउस यांनीही नकारच दिला. तिसऱ्याने, रॉबर्ट बोर्क यांनी, हुकूम बजावला. अभियोक्त्याच्या स्वातंत्र्याला हात लावणार नाही, असे रिचर्डसन यांनी नेमणुकीच्या वेळी सिनेटला सांगितले होते. त्या शब्दाने त्यांचा नकार आधीच बांधून ठेवला होता.

२१/ म्हणून मंत्र्यांना अभय देणारा नवा कायदा शोधण्यात अर्थ नाही. १८६७ ने तो धडा दिला आहे. सिनेटने प्रत्येक नियोजित मंत्र्याला एकच प्रश्न जाहीरपणे विचारावा: कोणता हुकूम आला तर तुम्ही नाही म्हणाल? आणि मंत्र्याने गंभीर प्रसंगी आपले मत कागदावर उतरवून खाली सही करावी. राष्ट्राध्यक्षाने ऐकावे अशी सक्ती कोणतीही घटना करू शकत नाही. त्याला कोणी आणि केव्हा सांगितले होते, याची नोंद मात्र राहू शकते. (समाप्त)