विहिरीची वही

२०१५ मध्ये एका रविवारी इथे न्यू जर्सीत गणपतीच्या नाटकाची तालीम संपल्यावर सगळे चहाला बसलो होतो. विषय इराणच्या अणुकराराचा निघाला. एक काका म्हणाले, "त्या लोकांशी चर्चा कसली करायची? चार बॉम्ब टाका आणि मोकळे व्हा." चार-पाच माना डोलल्या. मीही गप्प बसले. परतताना गाडीत नववीतल्या मुलाने विचारलं, "आई, दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्डसाठी त्याच काकांनी सगळ्यांना सिनेटरच्या ऑफिसात फोन करायला लावले होते ना? मग ह्यासाठी कोणीच का करत नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

त्या चहाच्या वेळी मला आमच्या गावची विहीर आठवत होती. सातारा जिल्ह्यात वडील आणि त्यांचे चुलतभाऊ, आमचे नाना, यांची विहीर सामाईक. दोन्ही घरांत बोलणं बंद. नाना रात्री चोरून मोटर लावतात असं वडील म्हणायचे, आणि नानांच्या ओसरीवर वडिलांबद्दल हेच ऐकू यायचं. एका उन्हाळ्यात काठ्या निघाल्या, नानांच्या डोक्याला टाके पडले, आणि विहिरीतलं पाणी होतं तेवढंच राहिलं. शेवटी शाळेतल्या गुरुजींनी तोडगा काढला. मोटरीच्या खोलीची किल्ली गुरुजींकडे, दोघांच्या पाळ्या ठरलेल्या, मोटर चालू-बंद केल्याची वेळ वहीत आणि खाली दोघांच्या सह्या. वडिलांचा नानांवर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. विश्वास नव्हता म्हणूनच तर वही होती. ती बावीस वर्षं चालली, आणि त्या बावीस वर्षांत पुन्हा काठी निघाली नाही.

१४ जुलै २०१५ ला व्हिएन्नात इराणशी ठरली तीही अशीच वही होती. इराणकडची युरेनियम समृद्ध करणारी सुमारे १९,००० सेंट्रिफ्यूज यंत्रं ६,१०४ वर येणार होती. युरेनियमचा साठा ३०० किलोच्या वर जाणार नव्हता आणि समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांच्या पुढे नाही, हे दोन्ही १५ वर्षं. बॉम्बला ते ९० टक्क्यांच्या आसपास लागतं. डोंगराच्या पोटातल्या फोर्दोच्या केंद्रातही १५ वर्षं समृद्धीकरण बंद, आणि अराकच्या अणुभट्टीचा गाभा काढून तिथे काँक्रीट भरायचं होतं. किल्ली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांकडे. बॉम्ब पडले असते तर सगळ्यांत आधी हेच निरीक्षक बाहेर पडले असते. मग वही कोणी लिहिली असती? शिवाय इमारत पाडता येते, डोक्यातली विद्या पाडता येत नाही. इराणच्या अणुसंस्थेचे तेव्हाचे प्रमुख सालेही यांची डॉक्टरेट एमआयटीची आहे, आणि वाटाघाटीत त्यांच्यासमोर बसलेले अमेरिकेचे तेव्हाचे ऊर्जामंत्री मोनिझ तिथलेच प्राध्यापक.

शत्रूशी करार टिकत नाही म्हणणाऱ्यांनी आपल्याच मायदेशाकडे पाहावं. अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असा करार भारत आणि पाकिस्तानने १९८८ मध्ये केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोघे आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतरच्या जानेवारीत दिली. २६ नोव्हेंबरला मुंबईवर जो हल्ला झाला त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनीही दिली.

इराणच्या बॉम्बची इस्रायलच्या लोकांना वाटणारी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. त्यावर वेगळं लिहायला हवं. पण युद्धाची भीती आपल्यालाही आहे. आखातात आपली किती माणसं आहेत! माझा धाकटा दीर दुबईत आहे. तिकडे युद्ध पेटलं तर आपल्यातल्या कितीतरी घरांत रात्रभर झोप लागणार नाही.

पण माझी खरी तक्रार आपल्याबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या भारतीयांबद्दल, आहे. व्हिसा, ग्रीन कार्ड, मुलांची शाळा, एवढ्यासाठीच आपल्याला लोकप्रतिनिधी आठवतात. नागरिकत्वाची शपथ घेतली, समारंभाचे फोटो गावी पाठवले, आणि देश कोणावर बॉम्ब टाकणार हा प्रश्न मात्र दुसऱ्यांचा. असं चालणार नाही. ह्या सरकारला आपण कर देतो, आणि बॉम्ब त्याच करातून येतो.

उपदेश फार झाला, माफ करा. मला तो करण्याचा अधिकारही कमीच आहे. ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी इराकवरच्या युद्धाला परवानगी दिली, तेव्हा मी एच-फोर व्हिसावर होते, कडेवर एक वर्षाचा मुलगा होता. हा आपला प्रश्न नाही म्हणून मी टीव्ही बंद केला. ज्या शस्त्रांसाठी ते युद्ध झालं ती सापडलीच नाहीत. जवळजवळ साडेचार हजार अमेरिकी सैनिक गेले, आणि इराकी माणसं लाखाच्या वर. तोच मुलगा त्या रविवारी गाडीत प्रश्न विचारत होता.

करारावर बोलायची अमेरिकी काँग्रेसची मुदत १७ सप्टेंबर २०१५ ला संपत होती. त्याच दिवशी गणेश चतुर्थी होती. करार फेटाळला गेला तर तेव्हाचे अध्यक्ष ओबामा नकाराधिकार वापरणार होते, आणि तो टिकायला सिनेटमध्ये ३४ जण पुरे होते. आपल्या न्यू जर्सीचे तेव्हाचे सिनेटर मेनेंडेझ १८ ऑगस्टला विरोधात बोलले होते. दुसरे सिनेटर बुकर यांनी तोवर काही जाहीर केलेलं नव्हतं. म्हणून तेव्हा माझं सांगणं एवढंच होतं: दोघांनाही फोन करा. कॅपिटॉलचा नंबर २०२-२२४-३१२१. नाव, गाव आणि झिप कोड सांगा, आणि म्हणा की कराराच्या बाजूने मत द्या. काँग्रेस ८ सप्टेंबरला पुन्हा भरणार होती. त्याआधी हे फोन व्हायला हवे होते.