सोडणे आणि वाचवणे

गळ टाकून पाण्याकाठी बसणे हा आपल्याकडे रिकामटेकड्यांचा उद्योग मानला गेला आहे. ज्यांच्या घरी मासळी शिजते त्यांनाही ती बाजारातून आणण्यातच शहाणपण वाटते. आणि ज्यांच्या घरी शिजत नाही त्यांचा तर या विषयाशी संबंधच येत नाही. तरीही या महिन्यात आम्ही वाचकांस एका माशाची आणि त्याच्या मागे लागलेल्या माणसांची हकीकत सांगणार आहोत. तीत स्वयंपाकघराचा भाग जवळजवळ नाही. विवेकाचा भाग मात्र पुष्कळ आहे.

अमेरिकेच्या उत्तर सीमेला मिनेसोटा नावाचे राज्य आहे. हिमयुगातील बर्फाच्या प्रचंड थरांनी तेथील जमीन खरवडून काढली, आणि ते थर वितळून मागे हटले तेव्हा जागोजागी खळग्यांत पाणी साचून राहिले. दहा एकरांहून मोठी अशी अकरा हजारांवर सरोवरे आज त्या राज्यात मोजली जातात. हिवाळ्यात ती गोठून दगडासारखी होतात. उन्हाळ्याचे तीन महिने मात्र तेथील माणसे पाण्यावरच राहिल्यासारखी राहतात. त्यांपैकी लीच लेक हे सरोवर एक लाखाहून अधिक एकरांवर पसरलेले आहे. याच पाण्यात मस्केलंज हा मासा राहतो. लोक त्याला लाडाने 'मस्की' म्हणतात. हे नाव मूळचे तेथील आदिवासी ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आलेले आहे.

मस्की दिसायला देखणा नाही. बदकाच्या चोचीसारखा चपटा जबडा, त्यात शेकडो तीक्ष्ण दात, हिरवट अंगावर गडद पट्टे. पाणवनस्पतींच्या कडेला तो काठीसारखा निश्चल उभा असतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की बाणासारखा सुटतो. मोठे मासे हे त्याचे नेहमीचे अन्न. प्रसंगी बदकाचे पिल्लूही त्याला वर्ज्य नाही. पन्नास इंच लांबी गाठायला या माशाच्या मादीला बहुधा दीड दशक लागते. इतका मोठा शिकारी एका सरोवरात फार संख्येने राहूच शकत नाही. त्यामुळे तो विरळा, आणि विरळा म्हणून हवासा.

त्याला तेथे 'दहा हजार फेकींचा मासा' म्हणतात. जूनच्या पहिल्या शनिवारी हंगाम उघडतो. मग आठ-नऊ फुटी दांडी, जाड दोर, दातांनी तुटू नये म्हणून पुढे तारेचा तुकडा आणि त्याला वीतभर लांबीचे खोटे आमिष, एवढ्या सरंजामाने माणसे पहाटे व तिन्हीसांजेला नावेतून फेकी टाकीत राहतात. मस्कीची एक सवय मोठी विलक्षण आहे. तो आमिषामागून थेट नावेपर्यंत येतो, क्षणभर थांबतो, आणि तोंड न उघडता खोल निघून जातो. म्हणून प्रत्येक फेकीच्या शेवटी दांडीचे टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवायचे असते. न जाणो, तो मागे असेल! दिवस दिवस जातात, कित्येकांचे हंगाम जातात. आपल्याकडील जपमाळ ओढणाऱ्यांनाही हेवा वाटावा अशी ही चिकाटी आहे.

1955 साली शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याने या माशाला राज्यमासा म्हणून मान दिला. त्याच वर्षी जुलै महिन्यात इकडे लीच लेकवर वेगळाच प्रकार घडला. कडक उन्हाळा, पडलेला वारा आणि आरशासारखे पाणी असे दिवस आले, आणि एरवी हाती न लागणारे मस्की भराभर आमिष घेऊ लागले. काही दिवसांत डझनावारी मासे काठावर आले. दोरीला ओळीने टांगलेल्या त्या माशांची छायाचित्रे आजही तेथे दाखवली जातात. त्या काळी पकडलेला मस्की मारायचा, हीच रीत होती.

पुढे विचारी मंडळींच्या ध्यानात आले की पंधरा वर्षांचा जीव एका दुपारी टांगला, तर त्याची जागा भरायला आणखी पंधरा वर्षे लागतात. 1966 साली मिनेसोटातच गिल हॅम यांनी 'मस्कीज इन्कॉर्पोरेटेड' ही संस्था स्थापली. मासा धरावा, मोजावा आणि जिवंत सोडावा हा तिचा आग्रह हळूहळू सर्वत्र रुजला. आज त्या राज्यातील बहुतेक सरोवरांत 54 इंचांहून लहान मस्की ठेवून घेण्यास कायद्याने मनाई आहे. हा नियम 2015 पासूनचा. परंतु कायद्याच्याही पुढे जाऊन, नियमात बसणारा मासाही सोडून देण्यातच खरे मस्कीवाले भूषण मानतात.

येथपर्यंतची कथा सुखान्त आहे. अडचण पुढेच आहे, आणि ती उन्हाळ्याची आहे.

पाणी जसजसे तापते तसतसा त्यातील प्राणवायू कमी होतो. 10 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 27 अंशांच्या पाण्यात जेमतेम 8. माशाच्या अंगाची ऊब पाण्यावर अवलंबून असते, त्यामुळे त्याची प्राणवायूची गरज मात्र याच वेळी वाढलेली असते. अशा पाण्यात गळाशी झुंज देऊन थकलेला मस्की हातातून सुटतो, शेपटी हलवतो आणि दिसेनासा होतो. सोडणारा समाधानाने हात पुसतो. तो मासा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, खोल पाण्यात मरून जाऊ शकतो. ते कोणी पाहत नाही. म्हणून पाणी 80 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे 27 सेल्सिअसच्या जवळ गेले की मस्कीची शिकार थांबवावी, असे जाणकार सांगतात.

आमचा एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त त्या राज्यात स्थायिक झाला आहे आणि त्याला या छंदाने पछाडले आहे. त्याने पत्रात एक प्रसंग कळवला. तीन उन्हाळे त्याच्या हाती एकही मस्की लागला नव्हता. चौथ्या वर्षी मोठ्या मिनतवारीने मिळवलेल्या चार दिवसांच्या रजेत त्याने एक वृद्ध नावाडी ठरवला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी म्हाताऱ्याने पाण्यात तापमापक सोडला. संध्याकाळी पुन्हा सोडला. पारा 81 वर होता. त्याने दांड्या आवरल्या आणि उरलेल्या दिवसांचे पैसे परत काढून ठेवले. आमचा विद्यार्थी चिडला. शिकारीला बंदी नव्हती, मासा तर सोडूनच द्यायचा होता, मग हरकत कोणती? "तो मेला तर कोणाला कळणार आहे?" असे तो बोलून गेला. म्हातारा म्हणाला, "तुला कळणार नाही, मलाही कळणार नाही. म्हणून तर आताच ठरवायला हवे." विद्यार्थी लिहितो, "सर, त्या दिवशी मला त्याचा फार राग आला. आता तापमापक मी स्वतः बाळगतो."

पाण्यातील जिवाला अभय देण्याची कल्पना आपणांस नवी नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड येथे देवीच्या श्रद्धेपोटी महसीर मासे पिढ्यान् पिढ्या राखले गेले आहेत. तेथे देवीचा धाक आहे, गावाची नजर आहे. उत्तरेकडील त्या सरोवरावर, तिन्हीसांजेच्या नावेत, धाक घालणारे कोणी नसते आणि पाहणारेही कोणी नसते. म्हणून त्या नावाड्याचे मोल आम्हांस अधिक वाटते.

हा प्रश्न केवळ माशांपुरता नाही, असे आमच्या मनात येऊन गेले. वाचन न येणाऱ्या मुलाला दयेने वरच्या वर्गात चढवले जाते. तो हसत हसत वर्गाबाहेर जातो आणि आपण त्याचे भले केले असे सर्वांस वाटते. पुढच्या वर्गात त्याचे काय झाले हे पाहायला आपल्यापैकी फार थोडे जातात. गरजूच्या हाती दोन रुपये ठेवून वळलेली पावलेही पुन्हा त्या दाराशी क्वचितच जातात. सोडणाऱ्याचे समाधान आणि सुटलेल्याचे जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवरून दुसरीची खात्री धरण्याची सवय आपल्या सर्वांच्या अंगी मुरलेली आहे.

ज्या वाचकांची मुलेबाळे त्या उत्तरेकडील प्रदेशात आहेत, त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात या माशाची चौकशी अवश्य करावी. तो किती मोठा होता, हे ती मंडळी आपणहून सांगतील. पाणी किती तापले होते, हे मात्र आपण विचारावे.